शोषखड्डा उत्तम चालतोय, म्हणूनच विहिरीत नायट्रेट आहे

प्रश्न थोडक्यात असा. पाच माणसांच्या घराचं सांडपाणी सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात जातं. खड्डा बारा वर्षं जुना आहे, पण कधी तुंबला नाही, वास नाही, वर पाणी आलं नाही. त्याच्यापासून ३० मीटरवर, उताराच्या बाजूला, विहीर आहे. तिच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ७२ मिलिग्रॅम (भारतातली मर्यादा ४५) आणि क्लोराइड ४५ निघालं. अमोनिया आढळला नाही, मैल्याची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जंतूही नाहीत. वरच्या अंगाला शेजाऱ्यांची विहीर आहे, तिच्यात नायट्रेट ६ आणि क्लोराइड २०. तपासणी करणाऱ्याचं म्हणणं, "अमोनिया नाही, जंतू नाहीत, म्हणजे सांडपाण्याचा संबंध नाही, खताचं असेल." आणि गवंड्याचं म्हणणं, खड्डा आणखी तीन मीटर खोल घ्या, म्हणजे माती जास्त गाळेल. या दोघांचं बरोबर आहे का?

दोघांचंही चूक आहे, आणि चुकीचं मूळ एकच: माती म्हणजे गाळणी अशी समजूत. गाळ, जंतू आणि बऱ्याच अंशी फॉस्फेट यांच्यापुरतं ते खरं आहे. नत्राला, म्हणजे नायट्रोजनला, मात्र माती अडवत नाही, त्याचं रूप पालटून पुढे सोडते. तुमच्या खड्ड्याखालची माती हे काम इतकं चोख करते आहे की अमोनियाचा मागमूस उरलेला नाही. ते सगळं नत्र गेलं कुठे? तेच ७२ होऊन विहिरीत उतरलं आहे.

सुरुवातीपासून सांगतो, कारण पुढे उपाय निवडताना हा क्रमच कामी येतो.

अन्नातल्या प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं. शरीराला लागेल तेवढं ठेवून बाकीचं बाहेर पडतं: मोठ्या माणसामागे दिवसाला १० ते १३ ग्रॅम, म्हणजे वर्षाला चार-साडेचार किलो. यातलं ८० टक्क्यांहून अधिक लघवीतून जातं, बहुतेक युरियाच्या रूपात. हे सांगितलं की लोक चमकतात. मैल्याची धास्ती सगळ्यांना असते, लघवीची कुणाला नसते. जंतूंचा विचार केला तर ती धास्ती योग्यच आहे, पण नत्राचा हिशेब मांडला की पारडं उलटं फिरतं.

युरिया फार काळ युरिया राहत नाही. विष्ठेतल्या आणि टाकीतल्या जंतूंकडे युरिएज नावाचं विकर असतं, ते काही तासांपासून एक-दोन दिवसांत त्याचं अमोनियम (पाण्यातला अमोनिया बहुतांशी याच रूपात असतो) करून टाकतं. साफ न केलेल्या मुतारीत नाकात जे झोंबतं ते यातूनच सुटलेला अमोनिया. सेप्टिक टँकमध्ये हवा नसल्यामुळे अमोनियमचं पुढे काही होत नाही. गाळाबरोबर एकूण नत्रापैकी १० ते २० टक्के तळाशी बसतं, बाकीचं पाण्याबरोबर निघून जातं. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण नत्र लिटरला बहुधा ४० ते ८० मिग्रॅ असतं. पाणी जपून वापरणाऱ्या घरात शंभरावरही जातं. त्यातला तीन चतुर्थांश किंवा जास्त भाग अमोनियम, उरलेलं सेंद्रिय नत्र. नायट्रेट जवळपास शून्य. म्हणजे टाकीतल्या पाण्याची नायट्रेटसाठी तपासणी केली तर टाकी निर्दोष सुटते! असे अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या जोरावर भांडणारे शेजारीही.

खरी उलथापालथ खड्ड्याच्या तळाशी आणि त्याखालच्या हातभर मातीत होते. एकदा एका जुन्या शोषचराला (शोषखड्ड्याचंच काम करणाऱ्या लांबट चराला) आडवा छेद घेऊन आम्ही त्यात उतरलो होतो. खडीच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा काळा, बुळबुळीत थर होता. खुरप्यानं खरवडला की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. वर पाणी साचलेलं, पण थराच्या खालची माती चिखल नव्हती. नुसती ओलसर, मुठीत दाबली तर गोळा व्हायची, पाणी सुटायचं नाही. थराला लागून ती करडी होती आणि वीतभर खाली गेल्यावर तांबूस, वासरहित, अगदी शेतातल्यासारखी. रंगातला हा बदल डोळ्यांनी दिसतो आणि तो प्राणवायूचा नकाशा असतो. काळा थर जंतूंनी स्वतःच विणलेला असतो. तो पाण्याला मुद्दाम सोडल्यासारखं थेंब थेंब सोडतो, त्यामुळे खालच्या मातीतली छिद्रं पूर्ण भरत नाहीत आणि त्यांत हवा खेळती राहते. लोक या थराला शिव्या घालतात, कारण तो जास्त जाड झाला की खड्डा तुंबतो. मला विचाराल तर खड्ड्यातला सर्वात उपयोगी भाग तोच. जंतू बहुतांशी इथे आणि याच्या खालच्या हातभर मातीत अडकून मरतात. तुमच्या अहवालात कोलिफॉर्म नाहीत याचा अर्थ एवढाच की हा थर शाबूत आहे.

अमोनियमवर धन भार असतो. चिकणमातीचे कण आणि कुजलेला सेंद्रिय भाग ऋण भाराचे असतात. त्यामुळे अमोनियम मातीला चिकटतं. निव्वळ वाळूत ही जागा फार थोडी असते, चिकणमातीत भरपूर, पण कुठेही अमर्याद नसते. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच जागेसाठी धक्काबुक्की करत असतात. बारा वर्षांत तुमच्या खड्ड्याखालच्या जागा केव्हाच भरल्या असतील. तरी हे चिकटणं महत्त्वाचं आहे, कारण जंतूंना काम करायला तेवढा वेळ मिळतो.

ते जंतू कोणते, हे शोधायला एक प्रयोग कारणीभूत झाला. तो मला फार आवडतो, कारण त्यात शोषखड्डाच काचेच्या नळीत बसवलेला आहे. १८७७ साली फ्रान्समध्ये तेओफिल श्लोझिंग आणि आशील म्युन्त्झ यांनी मीटरभर लांबीच्या नळीत भाजलेली वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून रोज थोडं थोडं सांडपाणी सोडलं. इतकं सावकाश, की पाण्याला तळाशी पोचायला आठवडाभर लागावा. पहिले वीसेक दिवस अमोनिया खालून जसाच्या तसा येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागलं, वाढत गेलं आणि अमोनिया नाहीसा झाला. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. खातरजमा करायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट थांबलं, अमोनिया परत आला. वाफ काढून टाकली तरी काम सुरू होईना. शेवटी बागेतली माती कालवलेलं थोडं पाणी ओतलं, तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली. पुढे १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांनी हे जंतू वेगळे काढून दाखवले: एक गट अमोनियमचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जंतूही असतो, हे २०१५ साली कळलं. नव्या खड्ड्यातून पहिले काही आठवडे अमोनियम निसटतं आणि नायट्रेट नंतर वाढतं, ते याच विसेक दिवसांमुळे.

या कामाला, म्हणजे नायट्रीकरणाला, प्राणवायू किती लागतो? एक ग्रॅम अमोनियम-नत्रामागे ४.५७ ग्रॅम. टाकीतून येणाऱ्या एक लिटर पाण्यात ६० मिग्रॅ नत्र धरा, म्हणजे सुमारे २७४ मिग्रॅ प्राणवायू. पाण्यात नेहमीच्या तापमानाला विरघळून राहतो तो लिटरला आठेक मिग्रॅ. म्हणजे पाण्यातला प्राणवायू चटणीलाही पुरायचा नाही. पण एक लिटर हवेत तो जवळजवळ २७५ मिग्रॅ असतो. लिटरभर सांडपाण्याला लिटरभर हवा, असा हा सरळ व्यवहार आहे, आणि तोही नत्रापुरताच. पाण्यातली सेंद्रिय घाण खाणारे जंतू आपला वाटा आधीच उचलतात. ही हवा मातीच्या छिद्रांतून यावी लागते. छिद्रं पाण्यानं भरली की प्राणवायूची ये-जा हवेतल्यापेक्षा दहा हजार पटींनी मंदावते. म्हणून अर्धा ते एक मीटर मोकळी, न बुडालेली माती मिळाली तर काम तिथेच संपतं, आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळाला टेकली तर दहा मीटरमध्येही होत नाही.

या प्रक्रियेत आम्लही तयार होतं. ग्रॅमभर नत्रामागे ७.१४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल मारण्याची ताकद, खर्च होते. मातीत चुना असेल तर तो विरघळून आम्ल मारतो आणि पाण्याची कठीणता वाढवतो. नायट्रेटबरोबर विहिरीचं पाणीही जड होत गेलं असेल, डाळ शिजेना, साबणाला फेस येईना झाला असेल, तर दोन्हींचा उगम एकच असण्याची शक्यता मोठी. मातीत चुना नसेल तर पीएच घसरतो, जंतू मंदावतात आणि थोडं अमोनियम तसंच पुढे जातं. थंडीतही तेच होतं: १० अंशांखाली हे जंतू सुस्त होतात, ५ अंशांच्या खाली जवळपास थांबतात.

तर नायट्रेट तयार झालं. त्याचा भार ऋण आणि मातीचाही ऋण, त्यामुळे त्याला धरून ठेवायला मातीकडे काही नाही. ते पाण्याच्याच वेगानं खाली जातं. कोरड्या दिवसांत वरच्या थरात साठलेलं नायट्रेट पहिल्या मोठ्या पावसात एकदम धुऊन निघतं, म्हणून त्याच विहिरीचे दोन महिन्यांतले दोन अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि लोक प्रयोगशाळेवर संशय घेतात.

आता कळीची गोष्ट. नत्र पाण्यातून कायमचं काढायचा मातीकडे एक मोठा मार्ग आहे: विनायट्रीकरण. प्राणवायू संपला की काही जंतू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून श्वास घेतात आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन वायू हवेत जातो. (वाटेत थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. तो हवामानाच्या दृष्टीनं वाईट आहे, पण तो विषय वेगळा.) यासाठी तीन गोष्टी एकाच जागी लागतात: नायट्रेट, हवेचा अभाव आणि जंतूंना खायला सेंद्रिय कर्ब. आता तुमच्या खड्ड्याकडे बघा. टाकीत हवा नाही आणि कर्ब रगड आहे, पण नायट्रेटच नाही. खड्ड्याखाली हवा आहे, नायट्रेट होतं, पण ते होता होता त्याच हवेत कर्बही जळून जातो. आणखी खाली, भूजलात, नायट्रेट आहे, हवा कमी आहे, पण कर्ब उरलेला नाही. तिन्ही गोष्टी आहेत, पण एकाही ठिकाणी एकत्र नाहीत. जेवायला पाहुणे आले तेव्हा स्वयंपाक व्हायचा होता, आणि स्वयंपाक झाला तेव्हा पाहुणे निघून गेले होते! सांडपाण्यातल्या नत्राची सगळी रड एवढीच आहे.

म्हणूनच माती जितकी मोकळी, हवेशीर आणि निचऱ्याची, तितका खड्डा छान चालतो आणि तितकं नायट्रेट जास्त. भारी, दमट, अधूनमधून पाणी धरणाऱ्या मातीत छोटे छोटे निर्वात कोपरे असतात. तिथे बरंच नत्र उडून जातं, पण तिथे खड्डा तुंबल्याच्या तक्रारी येतात. १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये आणखी एक मार्ग सापडला, त्यात जंतू अमोनियम आणि नायट्राइट यांची थेट सांगड घालून नायट्रोजन वायू करतात आणि त्यांना कर्बही लागत नाही. भूजलात तो चालतो, पण साध्या शोषखड्ड्याच्या हिशेबात मी त्याला धरत नाही.

तुमच्या बाबतीत किती नत्र उडालं असेल याचा अंदाज क्लोराइडवरून काढता येतो. क्लोराइड लघवीतून आणि स्वयंपाकाच्या मिठातून येतं, मातीत त्याचं काही होत नाही, ते नुसतं पाण्याबरोबर वाहतं. त्यामुळे ते साक्षीदार म्हणून उत्तम. शेजाऱ्यांच्या विहिरीत २०, तुमच्याकडे ४५. टाकीतल्या पाण्यात ते १०० आहे असं धरू (हे तुम्ही मोजून घ्या, माझा आकडा निव्वळ उदाहरणाचा). मग विहिरीतल्या पाण्यात सांडपाण्याचा वाटा ८० पैकी २५, म्हणजे ३१ टक्के. टाकीतलं नत्र ६० धरलं तर त्याचं सगळं नायट्रेट झाल्यावर २६६ होतं. त्याचे ३१ टक्के ८३. मूळ भूजलातले चारेक मिळवले की ८७. तुमच्याकडे निघाले ७२. म्हणजे नत्राचा सहावा भाग वाटेत गळला आणि बाकी सगळा पोचला. खताचं नायट्रेट असतं तर क्लोराइड इतकं बरोबरीनं चढायचं कारण नव्हतं. पोटॅशच्या खतात क्लोराइड असतं हे खरं, पण मग वरच्या विहिरीतही काही दिसलं असतं. टाकीतले खरे आकडे आल्यावर हे गणित बदलेल, दिशा बदलेल असं वाटत नाही.

२६६ हा आकडा कुठून आला? नायट्रेट दोन प्रकारे लिहितात: पूर्ण नायट्रेट म्हणून, किंवा त्यातलं फक्त नत्र म्हणून. एका मिग्रॅ नत्राचं ४.४३ मिग्रॅ नायट्रेट होतं. त्यामुळे अमेरिकेची मर्यादा १०, भारताची ४५ आणि जागतिक आरोग्य संघटनेची ५० असं वाचून कुणी जास्त कडक आहे असं समजू नका. पहिला आकडा नत्राचा आहे, बाकीचे नायट्रेटचे, आणि तिन्ही जवळपास सारखेच आहेत. अहवालात कोणतं एकक आहे हे विचारल्याशिवाय त्यावर चर्चा करू नये. तुमचा ७२ जर नत्राचा असेल तर गोष्ट चौपटीनं गंभीर आहे. क्लोराइडचा मेळ पाहता तसं दिसत नाही.

"पण मध्ये ३० मीटर अंतर आहे की!" हे मी नेहमी ऐकतो. अंतराचे नियम जंतूंसाठी केलेले असतात: भूजलात जंतू काही आठवड्यांत मरतात, तेवढा वेळ मिळावा इतकं अंतर. नायट्रेट मरत नाही. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये केंब्रिज इथे एका घराच्या सेप्टिक टँकखालच्या वाळूत संशोधकांनी पाण्याचा माग काढला, तो १९९१ साली छापून आला. नायट्रेटचा पट्टा १३० मीटरच्याही पुढे गेलेला होता, आणि तो पसरट नव्हता, अरुंद होता. आपल्या डोक्यात शाईचा थेंब पाण्यात पसरल्याचं चित्र असतं. भूजलात ते लागू पडत नाही. तिथे हा पट्टा रस्त्यासारखा जातो, त्याच्या दहा मीटर बाजूची विहीर स्वच्छ आणि शंभर मीटर पुढची दूषित असू शकते. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या घराचा, मस्कोकाचा, पट्टा नदीकडे जात होता. तिथे नायट्रेट बहुतेक वाट तसंच टिकलं आणि नदीच्या तळच्या कुजक्या, कर्बानं भरलेल्या गाळातल्या शेवटच्या दोनेक मीटरमध्ये जवळपास पूर्ण संपलं. पाहुणे आणि स्वयंपाक तिथे एकदाचे भेटले.

मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडचा लष्करी तळ. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९३६ ते १९९५ वाळूच्या वाफ्यांमध्ये मुरवलं गेलं. भूजलातला त्याचा पट्टा काही किलोमीटर लांब झाला. त्याच्या गाभ्यात प्राणवायू संपलेला, म्हणून तिथे अमोनियम शिल्लक, आणि ते वाळूला अडखळत इतकं मागे रेंगाळलं की पाणी सोडणं बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं जागेवर सापडत राहिलं. वाळूनं एवढं नीट काम केलं नसतं तर ते वाफे साठ वर्षं चालले नसते, हेही लक्षात घ्या.

आता गवंड्याचा सल्ला. खड्डा खोल घेतला की वरचा, हवेशीर, मुळांचा आणि कर्बाचा थर आपण स्वतःहून ओलांडतो आणि सांडपाणी भूजलाच्या जवळ नेऊन ठेवतो. पावसाळी पातळी तळाला लागली तर नायट्रीकरण अर्धवट राहतं, अमोनियम आणि जंतू थेट पाण्यात जातात. नायट्रेट कदाचित कमी दिसेल! पुढच्या अहवालात ४० येईल, सगळे खूश होतील आणि विहीर पूर्वीपेक्षा धोकादायक झालेली असेल. भेगाळ खडकात उतरलेला खड्डा तर नुसता नळ आहे. तिथे माती नाही, वेळ नाही, काही नाही. खोल खड्ड्याला माझा साफ नकार.

एक घर आणि त्याच्याभोवती किती जमीन हवी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पाच माणसांचं वर्षाचं नत्र साधारण २२ किलो. गाळात पाचवा भाग राहिला असं धरून १८ किलो खाली जातं. एका हेक्टरवर वर्षाला २०० मिलिमीटर पाऊस मुरत असेल तर ते २००० घनमीटर पाणी झालं. १८ किलो त्यात विरघळवा: लिटरला ९ मिग्रॅ नत्र, म्हणजे ४० मिग्रॅ नायट्रेट. हेक्टरी एक घर असतानाच सरासरी मर्यादेला टेकते. मातीत निम्मं नत्र उडालं तर दोन घरं. दाट वस्तीत प्रत्येक घराचा शोषखड्डा नियमाप्रमाणे बांधलेला असला तरी भूजलाचं गणित सुटत नाही. तिथे मलवाहिनीच हवी, आणि मी शोषखड्ड्यांचंच काम करत आलो असलो तरी हे सांगतो.

घरात सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आजपासून त्याला हे पाणी बंद करा, दूध किंवा पावडर कालवायलाही नको. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता काढून घेतं; बाळ निळसर पडतं. १९४५ साली आयोवात हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध जोडला, आणि आजच्या मर्यादा त्याच आजारावर बेतलेल्या आहेत. गरोदर बाईनंही दुसरं पाणी प्यावं. उकळू नका: पाणी उडतं, नायट्रेट राहतं, म्हणजे आकडा वाढतो. क्लोरीन, कँडल फिल्टर, अतिनील दिवा यांचा काही उपयोग नाही. आरओ किंवा आयन बदलणारं राळेचं यंत्र चालतं, आणि तेही चालतंय की नाही हे नायट्रेट मोजूनच ठरवायचं, चवीवरून नाही.

खड्ड्याचं काय करायचं? टाकीत टाकायच्या जंतूंच्या पुड्या विसरा. टाकीत हवाच नाही, तिथे ते नत्राचं काही करू शकत नाहीत. मी तीन गोष्टींचा विचार करेन.

पहिली म्हणजे लघवी वेगळी घेणं. नत्राचा मोठा भाग उगमालाच बाजूला होतो, आणि साठवून, पातळ करून तो खत म्हणून वापरता येतो. तांत्रिकदृष्ट्या याच्याइतकं स्वस्त आणि परिणामकारक दुसरं काही नाही. अडचण संडासाच्या भांड्याची नसते, घरातल्या माणसांना पटवण्याची असते.

दुसरी, खोल खड्ड्याऐवजी उथळ चर, जमिनीपासून फूट-दीड फुटात, आणि पाणी सतत न सोडता ठरावीक वेळानं थोडं थोडं. मुळं काही नत्र उचलतात, वरच्या थरात कर्ब असतो, आणि ओल-सुक्याच्या आवर्तनात दोन्ही प्रक्रिया आळीपाळीनं चालतात. पिकं कापून बाहेर नेली तरच मुळांनी उचललेलं नत्र खऱ्या अर्थानं गेलं. तिथेच कुजू दिलं तर ते परत येतं.

तिसरी, क्रम मुद्दाम जुळवून आणणं. टाकीतलं पाणी वाळूच्या गाळणीवरून सोडायचं, तिथे त्याचं नायट्रेट होऊ द्यायचं, आणि त्यातला काही भाग टाकीच्या तोंडाशी परत आणायचा. तिथे हवा नाही आणि कर्ब ताजा आहे. यानं निम्म्याच्या आसपास नत्र जातं. किंवा गाळणीनंतर लाकडाच्या ढलप्यांनी भरलेला, कायम पाण्याखाली राहणारा वाफा करायचा. ढलप्या वर्षानुवर्षं कर्ब पुरवतात. सुरुवातीला यातून चहाच्या रंगाचं, वासाचं पाणी येतं, घाबरू नका. मात्र आधीचं नायट्रीकरण पूर्ण हवं. ढलप्यांना अमोनियमचं काही पडलेलं नसतं, ते जसं येतं तसं निघून जातं. टाकीच्या लगेच पुढे ढलप्यांचा वाफा बांधून "काहीच फरक नाही" म्हणणारे मला भेटले आहेत. क्रम उलटा होता, बाकी बांधकाम छान होतं.

काहीही केलंत तरी विहिरीत फरक पुढच्या महिन्यात दिसणार नाही. खड्डा आणि विहीर यांच्यामधलं पाणी आधीच नायट्रेटनं भरलेलं आहे. भूजल दिवसाला १० सेंटिमीटर सरकत असेल तर तुमचे ३० मीटर संपायला दहा महिने लागतील, आणि मातीला चिकटलेलं अमोनियम त्यानंतरही हळूहळू सुटत राहील.

खर्च करण्याआधी चार नमुने एकाच दिवशी घ्या: तुमची विहीर, वरच्या अंगाची शेजाऱ्यांची, खड्ड्याच्या बाजूला उतार सोडून एखादी जागा मिळाली तर ती, आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी. पहिल्या तिन्हींत नायट्रेट, अमोनिया, क्लोराइड आणि कठीणता. टाकीच्या पाण्यात एकूण नत्र आणि क्लोराइड. गुरांचा गोठा जवळ असेल आणि वाद शेजाऱ्यांशी असेल, तर नत्राच्या समस्थानिकांच्या (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) तपासणीवर पैसे घालवू नका. शेण आणि माणसाचं सांडपाणी त्यात वेगळं ओळखू येत नाही. त्यापेक्षा ॲसेसल्फेमसारखा कृत्रिम गोडवा मोजून घ्या. गुरांना शुगर-फ्री कुणी देत नाही. बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, नाहीतर टाकीच्या नमुन्यात जंतू वाटेतच कामाला लागतात. मोठा पाऊस पडून गेल्यावर पंधरा दिवसांनी हीच फेरी परत करा. आणि वरच्या विहिरीत त्या वेळी ६ ऐवजी ५० निघाले, तर वर केलेलं क्लोराइडचं सगळं गणित रद्द समजा आणि मला पुन्हा लिहा.